शुक्रवारचा चुना

मुरुमच्या पेठेमागच्या गल्लीत बेगमबीच्या घराला लागून एक खोली होती. पुढं हातभर ओटा, आत एकच खण आणि मागं चुलीपुरता आडोसा. बंडप्पा तिथं भाड्यानं राहायला आला तेव्हा खोलीच्या चारी भिंती काळ्याकुट्ट होत्या. त्याच्या आधी तिथं एक भडभुंजा राहत होता. फुटाणे आणि लाह्या भाजून भाजून त्यानं भिंतींवर काजळीचा असा थर चढवला होता की दिवसासुद्धा आत कंदील लावावासा वाटे.

बंडप्पाला त्याचं काही वाटलं नाही. तो एकटा होता. आईबाप प्लेगात गेलेले. चुलत्यानं वाढवलं, चार इयत्ता शिकवलं आणि करोडगिरीच्या नाक्यावर शिपाई म्हणून चिकटवून दिलं. निजामाच्या मुलखातून पलीकडं जाणाऱ्या मालावर जिथं जकात घेत, तो हा नाका. बंडप्पा दिवसभर तिथं आडवा बांबू वरखाली करायचा, गाड्यांतल्या कडब्यात हात घालून बघायचा आणि संध्याकाळी खोलीवर येऊन भाकरी खाऊन झोपायचा. भिंती काळ्या की गोऱ्या, हे बघायला त्याला सवडही नव्हती आणि गरजही नव्हती.

गरज पडली ती लग्न झाल्यावर. केसरजवळग्याच्या इरम्माची लेक नागम्मा त्या खोलीत नांदायला आली. पहिल्याच दिवशी ती दमून भिंतीला टेकून बसली आणि उठली तेव्हा नव्या हिरव्या इरकलीच्या पाठीवर वीतभर काळा पट्टा उमटला होता. समोरच्या घरातली लक्ष्मम्मा मोठ्यानं हसली.

"अगं पोरी, या घरात सरळ बसायला शिकावं लागतं. नवऱ्यानं सांगितलं न्हाय व्हय?"

नागम्मा हसली नाही. रात्रीच्या भाकरी थापताना ती म्हणाली, "अवं, भिंतीला दोन हात चुना मारा की. आमच्या गोठ्यात याहून उजेड असतो."

"भाड्याची खोली हाय नागू. मालकिणीला विचारावं लागंल."

"मग विचारा."

बंडप्पानं विचारायला दीड वर्ष लावलं. बेगमबी मनानं वाईट नव्हती, पण तोंडानं फटकळ होती. तिच्या नवऱ्यानं ही घरं स्वतः उभी केली होती आणि तो गेल्यापासून तिनं भिंतीत कुणाला खिळासुद्धा ठोकू दिला नव्हता. रोज सकाळी नागम्मा नवऱ्याला विचारी, "आज विचारणार का?" बंडप्पा म्हणे, "आज आपाचा चेहरा बरा दिसत न्हाय." नागम्मा म्हणे, "तिचा चेहरा बरा दिसला तर भिंती काळ्या दिसत न्हाईत तुम्हाला. तुमचं काय करावं?"

पुढं नागम्माला दिवस गेले. सातवा लागला आणि माहेरहून निरोप आला की शुक्रवारी शिवप्पा, म्हणजे तिचा भाऊ, गाडी घेऊन न्यायला येईल. तेव्हा मात्र बंडप्पानं सगळा धीर एकवटला आणि बेगमबीच्या दारात जाऊन उभा राहिला.

बेगमबी सुपारी कातरत होती. सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली, "बच्चा आनेवाला है बोलके पूछता है ना? मग पैलेच बोलना था. इतने दिन मुँह में क्या धरके बैठा था?"

"म्हणजे पोतू का आपा?"

"पोत. चुना तेरा, हाथ तेरा. लेकिन खुरचना नक्को. मेरे मरद का हाथ है नीचे."

ही गोष्ट बंडप्पानं नागम्माला सांगितली नाही. त्याच्या मनात वेगळंच होतं. ती बाळाला घेऊन परत येईल, दार उघडेल आणि आत पांढरंशुभ्र घर दिसेल. त्या वेळचं तिचं तोंड त्याला बघायचं होतं. आयुष्यात त्यानं कुणाला चकित केलेलं नव्हतं. बुधवारी त्यानं कळीचा चुना आणला, गुरुवारी बेगमबीच्या परसातल्या रांजणात भिजत घातला. चुना रटरटून उकळला आणि निवला. त्यात त्यानं डिंकाचं पाणी घातलं, म्हणजे कपड्याला लागू नये. किंचित नीळ घातली. केकताडाची पानं ठेचून कुंचा केला. सगळं बेगमबीच्या परसात झाकून ठेवलं.

निजाम सरकारात आठवड्याची सुट्टी शुक्रवारी असायची. नाका बंद होत नसे, पण त्या दिवशी दुसरी जोडी असे आणि बंडप्पा मोकळा असे. त्या शुक्रवारी सकाळी शिवप्पाची गाडी गल्लीच्या तोंडाशी लागली. लक्ष्मम्मा कुरकुरली, "शुक्रवारी कोणी बाई बाहेर काढतं का?" त्यावर नागम्माच म्हणाली, "माहेरला जायला वार कशाला बघायचा? आणि यांना दुसऱ्या दिवशी सवड कुठं?"

ती गाडीत बसली. बंडप्पानं तिच्या पाठीमागं वाकळ दुमडून दिली. शिवप्पाच्या देखत जास्त बोलणं बरं दिसलं नसतं.

"जपून न्या," तो शिवप्पाला म्हणाला.

"दाजी, बैलाला सांगतो. त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं," शिवप्पा म्हणाला.

नागम्मा तोंडाला पदर लावून हसली. गाडी हलली. कोपऱ्यावरून वळताना तिनं मागं वळून बघितलं आणि हात वर केला नाही, नुसती मान हलवली.

बंडप्पा लगबगीनं खोलीत आला. सुट्टीचा एकच दिवस होता. संध्याकाळपर्यंत निदान एक हात व्हायला हवा होता, म्हणजे दुसरा हात पुढच्या शुक्रवारी देता येईल. त्यानं भराभर सामान बाहेर काढलं. वाकळी, डबे, उतरंड, पेटी, पाटा, सगळं ओट्यावर आणून ठेवलं. खोली झाडली. परसातून रांजण ओढत आणला आणि कुंचा बुडवून दाराशेजारच्या भिंतीवर पहिला फटकारा मारला.

तेवढ्यात लक्ष्मम्मा ओट्याशी आली. तिच्या हातात नागम्माला द्यायचं राहिलेलं डिंकाच्या लाडवांचं गाडगं होतं. ते हातात तसंच धरून ती उभी राहिली.

"बंडप्पा! काय चालवलंस?"

"चुना देतो काकू. तुम्हीच म्हणत होतात ना, सरळ बसावं लागतं म्हणून?"

"आरं, बायको आत्ता उंबरा ओलांडून गेली. गाडी अजून गल्लीच्या भाईर पडली नसंल. आन् तू घर झाडून, सामान भाईर काढून पोतारायला घेतलंस? असं कवा करत्यात ठावं हाय का तुला?"

बंडप्पाला खरोखरच ठाऊक नव्हतं. घरातलं माणूस गावाला निघालं की मागोमाग घर झाडत नाहीत, सारवत नाहीत. ते मुक्कामाला पोचेल एवढा वेळ जाऊ देतात. मागोमाग घर झाडलं-सारवलं जातं ते मयत उचलून नेल्यावर. ही गोष्ट कुणी कुणाला शिकवत नाही. घरात आई असली की ती हातातला झाडू काढून घेते आणि म्हणते, "थांब, अजून तो पोचला नसेल." बंडप्पाच्या हातातला झाडू काढून घेणारं कुणी त्याला कधी लाभलं नव्हतं.

लक्ष्मम्मानं ते सांगितलं तेव्हा त्याचा हात थांबला. कुंच्यातून चुना टिपटिप गळत होता. अर्धी भिंत ओली झाली होती. सामान उन्हात पडलं होतं. त्याला क्षणभर वाटलं, थांबावं. मग वाटलं, थांबून काय करायचं? पहिला हात तर लागलाच.

"काकू, आम्ही नाक्यावरची माणसं. गाडी पुढं गेली की आमचं काम सुरू होतं," तो हसत म्हणाला आणि त्यानं कुंचा परत बुडवला.

लाडवांचं गाडगं लक्ष्मम्मानं ओट्यावर ठेवलं आणि निघून गेली.

पुढच्या शुक्रवारी दुसरा हात झाला. खोली अशी उजळली की बेगमबी खास बघायला आली आणि म्हणाली, "या अल्ला, मेरा घर इतना बडा था क्या?" खालच्या बाजूला बंडप्पानं गेरूचा वीतभर पट्टा ओढला. छताच्या कडीला पाळण्यासाठी दोरी बांधून बघितली आणि स्वतःच लाजून सोडून टाकली. अडीच महिने तो त्या पांढऱ्या खोलीत एकटा राहिला. भिंतीला पाठ लागू नये म्हणून मधोमध बसून जेवायचा.

चैत्रात निरोप आला. नागम्माला मुलगी झाली होती आणि तिसऱ्या दिवशी नागम्मा गेली होती.

बंडप्पा पोचला तेव्हा माती देऊन झाली होती. जंगम निघून गेले होते. शिवप्पा कट्ट्यावर डोकं धरून बसला होता. आत कोपऱ्यात इरम्मा मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. ती रडत नव्हती. तिनं त्याच्याकडं वर बघितलं. मुरुमच्या बाजाराला गेलेल्या कुणाकडून तरी तिच्या कानावर गोष्ट आली होती, हे त्याला तिच्या पहिल्याच प्रश्नावरून कळलं.

"जावईबापू, एकच सांगा. तुम्ही चुन्याला हात घातला तेव्हा गाडी येशीच्या भाईर गेली व्हती का?"

बंडप्पा खोटं बोलू शकला असता. त्याला ते सुचलंही. पण त्याच्या डोळ्यांसमोर गल्लीचा कोपरा आला. तिथून वेशीपर्यंत गाडीला किती वेळ लागतो हे त्याला, गाड्या मोजत बसणाऱ्या माणसाला, नेमकं माहीत होतं.

"न्हाय अत्याबाई," तो म्हणाला. "पाराशी पोचली असंल."

इरम्मानं मान हलवली, जणू तिला हवं ते मिळालं होतं. ती मुलीकडं बघत बोलली, "मग ही पोर त्या घरात पाऊल टाकणार न्हाय. मी हाय तवर न्हाय."

"मी खोली बदलतो, अत्याबाई."

"खोली बदलाल. हात बदलाल का?"

शिवप्पा दारातून म्हणाला, "अव्वा, अगं काय बोलतीस?" पण त्याच्या आवाजात जोर नव्हता. बंडप्पा तान्ह्या मुलीकडं बघत उभा राहिला. तिचं तोंड अजून कुणासारखं झालेलं नव्हतं. तिला जवळ घ्यावं म्हणून त्यानं हात पुढं केले आणि इरम्मानं मांडी वळवली.

नंतरच्या आठ वर्षांत बंडप्पा महिन्यातून दोन शुक्रवार केसरजवळग्याला जात राहिला. पहाटे निघायचा, चालत जायचा, कट्ट्यावर बसायचा, दुपारी चालत यायचा. मुलीचं नाव शरणम्मा ठेवलं होतं. सगळे तिला शरणू म्हणत. ती त्याला आप्पा म्हणायची, पण तसं म्हण म्हणून कुणीतरी सांगितल्यासारखं. ती पाच वर्षांची असताना एकदा त्यानं तिच्यासाठी मुरुमच्या बाजारातून बांगड्या नेल्या. तिनं त्या घेतल्या, आनंदानं वाजवून बघितल्या आणि मग आजीकडं बघून विचारलं, "अव्वा, घालू का?" इरम्मानं बांगड्या पाण्यानं धुतल्या आणि मग तिच्या हातात चढवल्या. बंडप्पा ते बघत होता. परतताना वाटेत एका बांधावर तो बराच वेळ बसून राहिला.

दुसरं लग्न कर म्हणून चुलत्यानं दोनदा निरोप पाठवला. बंडप्पानं दोन्ही वेळा त्याला उत्तर दिलं नाही. खोलीच्या भिंतींना त्यानं परत हात लावला नाही. चुलीच्या धुरानं त्या पिवळ्या झाल्या, मग तपकिरी झाल्या. दसऱ्याच्या आधी सगळी गल्ली पोतारायला निघे, बायका कमरेला पदर खोचून पांढरी माती कालवत, आणि बंडप्पा त्या दिवशी मुद्दाम नाक्यावर दुसऱ्याची पाळी मागून घेई.

"तेरे हाथ में कुछ नै है रे," बेगमबी त्याला पुष्कळदा म्हणाली. "औरतें मरती हैं बाळंतपण में. मेरी अपनी बहन मरी. उसके पीछे किसने पोता था?"

"व्हय आपा," तो म्हणे. बेगमबीचं त्याला पटत असे. पण रात्री पटलेलं सकाळी टिकत नसे.

अठ्ठेचाळीस साल आलं आणि सगळ्या मुलखाची झोप उडाली. रझाकारांच्या टोळ्या गावांवर चालून येऊ लागल्या. हद्दीपलीकडं गेलेले इकडचेच लोक तिथून येऊन सरकारी नाक्यांवर हल्ले करू लागले. ज्यांची सोय होती त्यांनी बायकामुलं हद्दीपलीकडं पाठवायला सुरुवात केली. बंडप्पाच्या अंगावर निजाम सरकारचा पट्टा होता, म्हणून गावातले लोक त्याच्याशी तुटक बोलत. आणि तो लिंगायत होता, म्हणून नाक्यावरचा अमीन, म्हणजे वरचा अंमलदार, त्याच्यावर डोळा ठेवून असे.

श्रावणातल्या एका दुपारी नाक्यावर गाड्यांची रांग लागली होती. चौथ्या गाडीजवळ तो पोचला आणि बघतो तर शिवप्पा बैलांच्या कासऱ्याला धरून उभा. गाडीत बोचकी, दोन शेजारणी, इरम्मा आणि तिच्या कुशीला आठ वर्षांची शरणू.

"कुठं?" त्यानं विचारलं. नाक्यावर सगळ्यांनाच तो हे विचारायचा.

"वागदरीला. अव्वाची भैन हाय तिथं," शिवप्पा खालच्या आवाजात म्हणाला. "सोडाल ना दाजी?"

बंडप्पानं रिवाजाप्रमाणं कडब्यात हात घातला आणि बाहेर काढला. इरम्मा खूप खंगली होती. आठ वर्षांत पहिल्यांदाच ती स्वतः होऊन बोलली.

"जावईबापू, पोरीला तुमच्यापाशी ठेवावी असं मनात आलं व्हतं. पर तुमचं बी काय खरं दिसंना."

"न्हाय अत्याबाई. तिकडंच न्या. हितं नको."

"ऐका. जगून परत आलो, तर तुमची पोर तुमच्या दारात आणून सोडंन. माझं आता झालं. तिला बाप पायजे."

शरणू बंडप्पाच्या पट्ट्याकडं टक लावून बघत होती. "आप्पा, तुम्ही येत न्हाय?" तिनं विचारलं. कुणी न सांगता तिनं त्याला विचारलेली ही पहिलीच गोष्ट होती.

"येतो मागनं," तो म्हणाला आणि त्यानं बांबू वर केला.

भाद्रपदात हिंदुस्थानची फौज आली आणि पाच दिवसांत निजामाचं राज्य गेलं. मग भीती एका घरातून उठून दुसऱ्या घरात जाऊन बसली. बेगमबीच्या नात्यातली माणसं गाव सोडून गेली. बेगमबी म्हणाली, "मैं कहाँ जाऊं? घर कौन सांभाळेगा?" बंडप्पानं पट्टा उतरवून ठेवला आणि पंधरा दिवस तिच्या ओट्यावर काठी घेऊन बसून राहिला. दोनदा काही तरुण पोरं गल्लीत आली. तो उठून उभा राहिला. तो काही फार धिप्पाड माणूस नव्हता, पण पोरं निघून गेली.

दिवाळीच्या आधी शिवप्पाचा माणूस आला. वागदरीहून सगळे परत आले होते. इरम्मानं अंथरूण धरलं होतं. निरोप एवढाच होता: जावईबापूंना म्हणावं, गाडी घेऊन या.

गाडी घेऊन या! बंडप्पानं तो निरोप त्या माणसाकडून तीनदा वदवून घेतला. मग तो बेगमबीकडं गेला. निरोप तिलाही ऐकवला. बेगमबीनं त्याच्या खोलीत डोकावून बघितलं.

"इस काळ्या खोली में लाएगा पोरी को? पोत ना अब."

"मी न्हाय आपा. माझा हात नको."

बेगमबीनं पदर खोचला. "तेरा हाथ नक्को. मेरा चलेगा?"

साठीच्या बेगमबीनं दोन दिवस तिवईवर चढून आपल्याच भाडेकरूची खोली पोतारली. बंडप्पानं दारातून भांडी भरून द्यायची आणि तिनं आतून शिव्या द्यायच्या. नीळ तिच्या हातून जरा जास्तच पडली आणि भिंती आभाळासारख्या निळ्या झाल्या. लक्ष्मम्मा आता म्हातारी झाली होती. तिनं काठी टेकत येऊन बघितलं आणि म्हणाली, "झालं! पोरगी म्हणंल, आप्पानं पिराच्या दर्ग्यात आणून ठेवली."

"दर्गा तो दर्गा," बेगमबी तिवईवरून म्हणाली. "मन्नत पुरी हुई ना?"

त्या दिवशी बंडप्पा मोठ्यानं हसला. गल्लीतल्या कित्येकांनी त्याला हसताना पहिल्यांदा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी भाड्याची गाडी घेऊन तो केसरजवळग्याला गेला. इरम्मा मधल्या खणात निजली होती. अंगात काही राहिलं नव्हतं, फक्त डोळे होते. शरणू तिच्या पायाशी बसून पाय चेपत होती. तिला नवं परकर-पोलकं घातलं होतं आणि वेणी घट्ट घातली होती. म्हणजे जायची तयारी झाली होती. शिवप्पा भिंतीला टेकून उभा होता.

"बसा," इरम्मा म्हणाली. बंडप्पा उशाशी बसला. "मला मरायच्या आधी बोलायचं हाय. शिवप्पाला ठावं हाय, तुम्हाला न्हाय."

"नंतर बोला अत्याबाई. दमू नका."

"नंतर कवा? ऐका. नागू दोन दिवस अडली व्हती. सुईण म्हणली, माझ्या हातातलं न्हाय, उमरग्याला डाक्टरकडं न्या. शिवप्पानं गाडी जुंपली. म्या बैल सोडायला लावले. आमच्यात परपुरुषाच्या हातानं कोण बाळंत झालं न्हाय म्हणले. तुम्हाला निरोप बी धाडू दिला न्हाय. तुम्ही आला असता तर नेली असती तिला." ती थांबली. छाती वरखाली होत होती. "पोर झाली, आन् तिसऱ्या दिवशी ती गेली. आन् मग कुणी तरी चुन्याचं सांगितलं. मला तेच पायजे व्हतं. आठ वर्सं तुमच्या हातावर ढकलून म्या जगले. सांगा आता. माझ्यामुळं गेली का न्हाय माझी लेक?"

बंडप्पाच्या आत काहीतरी वर आलं. आठ वर्षांचे शुक्रवार, धुतलेल्या बांगड्या, वळवलेली मांडी. व्हय, म्हणावं. एकदा तोंड भरून म्हणावं. पुढं काय व्हायचं ते होवो.

तेवढ्यात त्याचं लक्ष पायाशी गेलं. शरणूचे हात थांबले होते. ती आजीकडं बघत होती. जिनं तिला न्हाऊमाखू घातलं, भरवलं, वेणी घातली, ती म्हणजे तिचं एकमेव माणूस होतं. आणि त्या म्हातारीचे डोळे बंडप्पावर खिळले होते. तो काय म्हणेल तेवढंच घेऊन ती जाणार होती.

"न्हाय अत्याबाई," बंडप्पा म्हणाला. "बैल जुंपले असते तरी काय झालं नसतं. ते आदीच ठरलं व्हतं. लक्ष्मम्मानं मला सांगितलं, थांब म्हणून. म्या हसलो. चूक माझीच. तुमची काडीची न्हाय."

इरम्मा त्याच्याकडं बघत राहिली. मग तिनं डोळे मिटले आणि लांब श्वास सोडला. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या सैल पडल्या. "मग न्या पोरीला," ती पुटपुटली.

बंडप्पा उठला. "चल शरणू," तो म्हणाला. शरणू जागची हलली नाही. ती आता त्याच्याकडं बघत होती, त्याच्या तोंडाकडं नव्हे, हातांकडं. मग ती झटकन उठली आणि शिवप्पाच्या मागं जाऊन उभी राहिली. मामाचं धोतर तिनं दोन्ही मुठीत धरलं.

"मी न्हाय जाणार."

"शरणू, आप्पा हायत तुझे," शिवप्पा म्हणाला.

"त्यांनी माझ्या आईला मारलं. आत्ता म्हणले ते."

शिवप्पानं तोंड उघडलं. बंडप्पानं मान हलवून त्याला गप्प केलं. खरं काय ते सांगायचं तर त्या खाटेवरच्या म्हातारीच्या देखत सांगावं लागणार होतं.

"राहू दे," तो म्हणाला. "आजीपाशी राहू दे. आजीला आता तिचीच गरज हाय."

परतीच्या वाटेवर गाडीवान न राहवून म्हणाला, "पोरगी आणायची व्हती ना?"

"आजी आजारी हाय तिची."

"मग परत जाऊ पुढल्या आठवड्यात. मी येतो."

बंडप्पा खाली उतरला आणि गाडीमागं चालू लागला.

बेगमबी ओट्यावर वाट बघत बसली होती. रिकामी गाडी बघून ती उठली. तिनं सगळं काढून घेतलं त्याच्याकडून, एकेक शब्द. मग ती भडकली. "दीवाना है क्या तू? झूठ कायकू बोला? बुढ्ढी खुद बोल रही थी ना, मेरी गलती?"

"आपा, झूठ का खरं, मला कुठं ठावं हाय?" बंडप्पा म्हणाला. तो आत गेला नाही. ओट्यावरच बसून राहिला.

इरम्मा चार दिवसांनी गेली. शिवप्पानं एकदोनदा शरणूला समजावून बघितलं, नंतर त्याची बायकोही म्हणू लागली की पोर घाबरते, कशाला जबरदस्ती करायची. तो खरं सांगेल म्हणून बंडप्पानं त्याला आईची शपथ घालून ठेवली होती. वाढत्या पोरीच्या मनात मेलेल्या आजीबद्दल अढी नको, असं त्याचं म्हणणं.

नवं सरकार आलं. सुट्टी शुक्रवारची रविवारवर गेली. बंडप्पा आता महिन्यातून दोन रविवारी केसरजवळग्याला जाऊ लागला. कट्ट्यावर बसायचा. शिवप्पा शेतावर असला तर शरणूच पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर यायची. तो हातात द्यायची नाही. त्याच्यापासून हातभर अंतरावर जमिनीवर ठेवायची आणि दारात जाऊन उभी राहायची, कारण रिकामा तांब्या तिला परत न्यायचा असे. बंडप्पा तीन कोस चालून आलेला असायचा, घसा कोरडा पडलेला असायचा. तरी तो एकेक घोट घेत, फार सावकाश पाणी प्यायचा.